पदवीनंतर सैन्यात अधिकारी व्हायचंय? अर्जापासून अकादमीच्या दारापर्यंत

आपल्याकडे ‘भरती’ म्हटलं की पहाटेचं मैदान, १६०० मीटरची धाव आणि छातीचं माप आठवतं. ती जवानांची भरती. बीए, बीकॉम, बीएस्सी होईपर्यंत तिची वयोमर्यादा निसटते आणि अनेक मुलं सैन्याचा विचारच सोडून देतात. अधिकाऱ्याची वाट मात्र पदवीच्या शेवटच्या वर्षात सुरू होते. तिथे धावण्यावर निवड होत नाही, टक्केवारीचाही फारसा प्रश्न येत नाही. मुलं अडखळतात ती दोन ठिकाणी: तारखांच्या हिशोबात आणि एसएसबीच्या, म्हणजे सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्डाच्या पाच दिवसांच्या निवडचाचणीत. म्हणून या दोन गोष्टींवर इथे जास्त लिहिलं आहे.

मुख्य दार: सीडीएस

संघ लोकसेवा आयोग कम्बाइन्ड डिफेन्स सर्व्हिसेस परीक्षा वर्षातून दोनदा घेतो, साधारण एप्रिल आणि सप्टेंबरमध्ये. एकाच परीक्षेतून चार अकादम्यांसाठी निवड होते. डेहराडूनची इंडियन मिलिटरी अकादमी, म्हणजे आयएमए, आणि चेन्नईची ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमी, म्हणजे ओटीए, यांना कोणत्याही शाखेची पदवी चालते. केरळातल्या एळिमलाच्या नौदल अकादमीला अभियांत्रिकीची पदवी हवी. हैदराबादजवळच्या हवाईदल अकादमीसाठी अभियांत्रिकीची पदवी किंवा कोणतीही पदवी आणि बारावीला भौतिकशास्त्र व गणित असावं लागतं. मुलींना सीडीएसमधून ओटीएमध्ये जाता येतं.

आयएमएतून कायम कमिशन, म्हणजे निवृत्तीपर्यंतची अधिकारीपदाची नेमणूक मिळते. ओटीएतून शॉर्ट सर्व्हिस कमिशन, म्हणजे १० वर्षं आणि हवी तर आणखी ४ वर्षांची मुदतवाढ. मधल्या टप्प्यावर कायम कमिशनसाठीही विचार होतो. ‘शॉर्ट सर्व्हिस म्हणजे दुय्यम’ हा गैरसमज काढून टाका. खांद्यावरचे तारे, पगार आणि पोस्टिंग सारखंच असतं.

वयाचा हिशोब कागदावर मांडा

आयएमएची मर्यादा २४ वर्षं, ओटीएची २५. पण हे वय परीक्षेच्या दिवशीचं धरत नाहीत. प्रत्येक जाहिरातीत जन्मतारखेच्या दोन टोकाच्या तारखा छापलेल्या असतात आणि फक्त त्याच पाहायच्या. एप्रिलच्या परीक्षेतून आयएमएची तुकडी पुढच्या जानेवारीत सुरू होते, सप्टेंबरच्या परीक्षेतून पुढच्या जुलैत.

समजा, जन्म १० मार्च २००६ चा आहे आणि तीन वर्षांची पदवी २०२७ मध्ये पूर्ण होते. आजवरच्या पद्धतीने आयएमएसाठी सप्टेंबर २०२६ पासून एप्रिल २०२९ पर्यंत सहा संधी मिळतात. त्यानंतर फक्त ओटीएसाठी आणखी दोन. चार वर्षांचं इंजिनिअरिंग केलं की यातल्या दोन कमी होतात. ‘आधी पदवी होऊ दे, मग एक वर्ष क्लास, मग परीक्षा’ असं म्हटलं तर आणखी दोन-तीन जातात. प्रयत्नांच्या संख्येवर बंधन नाही, बंधन वयाचं आहे. म्हणून शेवटच्या वर्षाला असतानाच पहिला अर्ज भरा.

इथे एक धोका लक्षात ठेवा. पदवीचा पुरावा जाहिरातीत दिलेल्या तारखेपर्यंत द्यावाच लागतो. शेवटच्या वर्षाच्या सप्टेंबरमधल्या परीक्षेची तुकडी पुढच्या जुलैतच सुरू होते. विद्यापीठाचा निकाल लांबला किंवा एखादा विषय एटीकेटीत अडकला तर झालेली निवड हातची जाते. त्याच शैक्षणिक वर्षातली एप्रिलची परीक्षा या दृष्टीने जास्त सुरक्षित आहे.

अर्ज भरताना

शुल्क २०० रुपये आहे. मुलींना आणि अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवारांना ते माफ आहे. परीक्षा केंद्र आधी येईल त्याला आधी या पद्धतीने मिळतं, म्हणून शेवटच्या आठवड्याची वाट पाहू नका. नाव आणि जन्मतारीख दहावीच्या प्रमाणपत्रावर आहे तशीच लिहा. आपल्याकडे दहावीला आडनाव आधी आणि आधारवर शेवटी असा घोळ सर्रास असतो. तो अर्जाआधी दुरुस्त करून घ्या.

सगळ्यात महाग पडते ती पसंतीक्रमातली चूक. पात्र आहात त्या प्रत्येक अकादमीचं नाव क्रमाने भरा. ‘मला आयएमएच हवी’ म्हणून ओटीए गाळणारे दरवर्षी सापडतात. अलीकडच्या जाहिरातींत आयएमएला एका परीक्षेमागे १०० जागा असतात आणि त्यातल्या १३ एनसीसीच्या ‘सी’ प्रमाणपत्रधारकांसाठी राखीव. मुलांसाठी ओटीएच्या जागा याच्या दुपटीहून अधिक आहेत.

लेखी परीक्षा

इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि प्राथमिक गणित असे तीन पेपर. प्रत्येकी १०० गुण, दोन तास, सगळे बहुपर्यायी प्रश्न. ओटीएसाठी गणित नाही. चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांचा एकतृतीयांश भाग वजा होतो. गणित दहावीच्या पातळीचं असतं: अंकगणित, बीजगणित, त्रिकोणमिती, भूमिती, महत्त्वमापन, सांख्यिकी. पण १०० प्रश्न १२० मिनिटांत, कॅल्क्युलेटरशिवाय. आकडेमोडीचा वेग नसेल तर येणारी गणितंही राहून जातात.

मराठी माध्यमाच्या मुलांनी सर्वात आधी इंग्रजी हातात घ्यावं. त्या पेपरात व्याकरणातल्या चुका शोधणं, समानार्थी-विरुद्धार्थी शब्द, वाक्यांचा क्रम लावणं आणि उताऱ्यावरचे प्रश्न असतात. रोज एक इंग्रजी अग्रलेख मोठ्याने वाचायचा आणि मग तो न बघता पाच वाक्यांत पुन्हा सांगायचा. लेखीला उपयोग होतोच, एसएसबीला त्याहून जास्त होतो. सामान्य ज्ञानासाठी एनसीईआरटीची सहावी ते बारावीची इतिहास, भूगोल, राज्यशास्त्र आणि विज्ञानाची पुस्तकं, शिवाय मागच्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका पुरतात. आयोगाच्या संकेतस्थळावर त्या फुकट मिळतात.

क्लासचे पैसे भरण्याआधी नाशिक रोडच्या छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्राची चौकशी करा. राज्याच्या सैनिक कल्याण विभागाचं हे केंद्र महाराष्ट्रातल्या उमेदवारांना सीडीएस आणि एसएसबीचं प्रशिक्षण राहण्या-जेवणासह विनामूल्य देतं. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात माहिती मिळते. गावाकडच्या कितीतरी मुलांना हे केंद्र आहे हेच ठाऊक नसतं.

लेखीशिवायच्या वाटा

एनसीसीचं ‘सी’ प्रमाणपत्र किमान ‘बी’ श्रेणीत असेल आणि पदवीला ५० टक्के असतील, तर एनसीसी स्पेशल एंट्रीने लेखी न देता थेट एसएसबीला जाता येतं. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असलेल्यांनी एनसीसीत नाव घालावं ते याचसाठी. अभियंत्यांना टेक्निकल ग्रॅज्युएट कोर्स आणि शॉर्ट सर्व्हिस टेक्निकल आहेत, २७ वर्षांपर्यंत. वकिलांना जॅग, म्हणजे सैन्याची कायदा शाखा आहे, तिला एलएलबीला ५५ टक्के आणि क्लॅट या कायद्याच्या प्रवेश परीक्षेच्या पदव्युत्तर पेपरचे गुण लागतात. हवाईदलाची स्वतःची एएफकॅट परीक्षा वर्षातून दोनदा होते. तिच्यातून मुलींना वैमानिकही होता येतं आणि जमिनीवरच्या शाखांना वय २६ पर्यंत चालतं. नोकरी-व्यवसाय सांभाळून वर्दी हवी असेल तर प्रादेशिक सेना ४२ वर्षांपर्यंत घेते.

एसएसबी

लेखी पास झाल्यावर सैन्यभरतीच्या संकेतस्थळावर वेगळी नोंदणी करावी लागते, आणि तीही आयोगाला दिलेल्याच ई-मेलवरून. ही नोंदणी न केल्यामुळे पास झालेल्यांना बोलावणंच येत नाही, असं घडतं. लष्कराची निवड केंद्रं प्रयागराज, भोपाळ, बंगळुरू आणि पंजाबात जालंधर इथे आहेत. पहिल्यांदा जाणाऱ्याला रेल्वेचं भाडं परत मिळतं, म्हणून तिकीट जपून ठेवा. सामानात मूळ प्रमाणपत्रं, शेवटच्या वर्षाला असाल तर प्राचार्यांचा दाखला, वीसेक पासपोर्ट फोटो, पांढरे टी-शर्ट, हाफ पँट, वापरून मऊ झालेले बूट आणि दोन जोड फॉर्मल कपडे असू द्या.

पहिल्या दिवशी चाळणी. आधी बुद्धिमत्तेच्या दोन छोट्या चाचण्या. मग एक धूसर चित्र ३० सेकंद दाखवतात, पात्रांचं वय-लिंग-मनःस्थिती टिपायला एक मिनिट आणि गोष्ट लिहायला चार मिनिटं. पुढे गटात प्रत्येकाने एका मिनिटात आपली गोष्ट सांगायची आणि सगळ्यांनी मिळून एक गोष्ट ठरवायची. इथूनच निम्म्याहून अधिक मुलं त्याच संध्याकाळी घरी परततात. कारण बहुधा गोष्ट वाईट नसते. इंग्रजीत एक मिनिट न अडखळता बोलता येत नाही, किंवा चर्चेच्या गोंगाटात घसा फोडून कुणाचंच ऐकलं जात नाही. मुलाखत इंग्रजीत किंवा हिंदीत देता येते, पण गटात बोलणं मुख्यतः इंग्रजीतच होतं. चार वेळा मोठ्याने बोलण्यापेक्षा दोन वेळा मुद्द्याचं बोला आणि शांत बसलेल्याला बोलतं करा.

दुसरा दिवस मानसशास्त्रीय चाचण्यांचा. ११ चित्रं आणि १ कोरी पाटी, प्रत्येकावर चार मिनिटांत गोष्ट. मग ६० शब्द, प्रत्येकाला १५ सेकंदांत एक वाक्य. मग ६० प्रसंग ३० मिनिटांत. शेवटी आई-वडील, शिक्षक, मित्र आणि तुम्ही स्वतः, यांचं तुमच्याबद्दलचं मत काय, ते तुम्हीच लिहायचं. सगळ्यात मोठी चूक म्हणजे पाठ केलेली उत्तरं. ‘अपयश’ या शब्दावर ‘अपयश ही यशाची पायरी आहे’ असं लिहिलं की त्यातून तुमच्याबद्दल काहीच कळत नाही. ‘पहिल्या चाचणीत अपयश आल्यावर त्याने सरावाची वेळ बदलली’ यातून माणूस दिसतो. प्रसंगांनाही हेच लागू. घाटात एसटी बंद पडली आहे आणि गाडीत आजारी म्हातारी आहे. ‘तिला पाठीवर घेऊन दहा किलोमीटर चाललो’ हे लिहू नका. ‘कंडक्टरशी बोलून मागची गाडी थांबवली, आजींना तालुक्याच्या दवाखान्यात पोचवलं, घरी फोन केला’ एवढं पुरे. घरी घड्याळ लावून सराव करा. १५ सेकंद किती कमी असतात ते लिहायला बसल्याशिवाय कळत नाही.

पुढचे दोन दिवस मैदानावर. गटचर्चा, नकाशावरचं नियोजन, आणि फळी, बल्ली, दोर घेऊन अडथळे ओलांडण्याची गटकामं. जमिनीला किंवा ठरावीक रंगाच्या भागाला सामानाचा स्पर्श चालत नाही, चार फुटांपेक्षा मोठं अंतर उडी मारून पार करता येत नाही. नियम मोडला तर स्वतः सांगून मागे या. परीक्षकाने पाहिलं नसेल असं समजू नका. वैयक्तिक अडथळे १० आणि वेळ ३ मिनिटं, अडथळ्यांचे गुण १ ते १०. आधी उभं राहून मार्ग ठरवा, जवळजवळचे अडथळे एका ओळीत घ्या. तीन मिनिटांच्या भाषणासाठी तयारीही तीनच मिनिटांची असते.

मुलाखत ज्या माहिती-अर्जावर चालते तो पहिल्याच दिवशी भरून घेतात. त्यातला प्रत्येक शब्द तपासला जातो. छंद ‘वाचन’ लिहिला तर शेवटचं पुस्तक, लेखक, काय पटलं नाही, हे सगळं येणार. सलग सात-आठ प्रश्न एकदम विचारतात: दहावीपासूनचे टक्के, ते का घसरले, आवडते शिक्षक, जवळचे मित्र, घरच्यांशी कसं पटतं. क्रमाने उत्तर द्या. एखादा राहिला तर विचारून घ्या. तुमच्या तालुक्याची नदी, पिकं, पाण्याचा प्रश्न, जवळचा घाट नकाशावर दाखवता आला पाहिजे. वडील शेतमजूर असले तर तसंच लिहा. तिथे बसलेला अधिकारी लपवाछपवी चटकन ओळखतो आणि परिस्थितीमुळे कुणाचे गुण कापत नाही.

पाचव्या दिवशी सगळे परीक्षक एकत्र बसून निकाल ठरवतात. तुमचा चेस्ट नंबर, म्हणजे छातीवर लावलेला क्रमांक, पुकारला गेला नाही तर पुन्हा यायची मोकळीक आहे. तिसऱ्या-चौथ्या खेपेला निवडले गेलेले अधिकारी भरपूर आहेत. मात्र मधल्या काळात बदल दिसला पाहिजे: एखादी जबाबदारी, खेळ, सुधारलेलं इंग्रजी.

वैद्यकीय तपासणी आणि पुढे

निवड झालेल्यांची लष्करी रुग्णालयात सविस्तर तपासणी होते. कानातला मळ, जादा वजन, नाकाचा वाकडा पडदा, सपाट तळवे, गुडघे एकमेकांना लागणं, हर्निया, व्हेरिकोसील (अंडकोशाजवळच्या शिरा फुगणं) ही ‘अनफिट’ ठरण्याची नेहमीची कारणं. अर्ज भरतानाच चांगल्या डॉक्टरकडून हे तपासून घ्या, कारण शस्त्रक्रिया लागली तर बरं व्हायला महिने लागतात. लेसर करून चष्मा काढायचा असेल तर वयाची २० वर्षं पूर्ण झाल्यावर आणि तपासणीच्या किमान १२ महिने आधी. हाताच्या आतल्या बाजूला कोपरापासून मनगटापर्यंत आणि पंजाच्या मागच्या बाजूला सोडून इतरत्र कायमचं गोंदण चालत नाही. ‘अनफिट’ ठरलात तरी खचू नका. कारण लेखी मागून घ्या, उपचार करा आणि ४२ दिवसांच्या आत अपील बोर्डापुढे हजर व्हा. अनेक जण तिथे ‘फिट’ होतात.

त्यानंतर लेखी आणि एसएसबीचे गुण मिळून गुणवत्ता यादी लागते. आयएमएला ३०० अधिक ३००, ओटीएला २०० अधिक २००. आयएमएचं प्रशिक्षण दीड वर्षाचं, ओटीएचं ४९ आठवड्यांचं. त्या काळात महिना ५६,१०० रुपये विद्यावेतन मिळतं आणि बाहेर पडताना लेफ्टनंटचा हुद्दा.

यादी लागल्यापासून रुजू होण्याच्या पत्रापर्यंत काही आठवडे मिळतात. नेमके याच काळात सत्कार आणि मेजवान्यांत धावणं सुटतं. अकादमीत पहिल्याच आठवड्यापासून जड बूट घालून पळावं लागतं. सवय मोडलेल्या पायाच्या नळीच्या हाडाला तडा जातो, प्लास्टर चढतं आणि छात्र एक सत्र मागे पडतो. २.४ किलोमीटर साडेदहा-अकरा मिनिटांत येईपर्यंत आणि आल्यावरही आठवड्याचे पाच दिवस पळत राहा. त्यातले दोन दिवस डांबरी रस्ता सोडून मातीवर.