नर्सिंग होमचं स्टोअर हातात आलं तर

इंदूरमधल्या एखाद्या छोट्या नर्सिंग होमचं स्टोअर नव्यानं गळ्यात पडलं असेल, तर आधी कपाटं उघडा आणि माल हातानं मोजा. कॉम्प्युटरचं नंतर. स्क्रीनवरचा आकडा आणि फळीवरचा माल यांचं सहसा जमत नाही.

महाग काय आहे ते अकाउंटवाले सांगतीलच. तुम्ही शोधायचं ते हे की काय संपलं तर काम जागच्या जागी थांबेल. आयव्ही सेट (सलाईन लावायची नळी) सारख्या रोजच्या मालाचं गणित सरळ आहे: दिवसाला ४० जातात, माल यायला ३ दिवस, वर २ दिवसांची शिल्लक, म्हणजे २०० उरले की ऑर्डर गेलीच पाहिजे. अ‍ॅड्रेनालिनला मात्र हे गणित लावू नका. एरवी ते पडूनच असतं. पण हृदय बंद पडलेल्या पेशंटला दर ३ ते ५ मिनिटांनी १ मिलिग्रॅम लागतं, म्हणजे अर्ध्या तासात १ मिलिग्रॅमच्या ६ ते १० अँप्यूल (काचेच्या छोट्या कुप्या). किमान साठा किती, ते भूलतज्ज्ञांकडून लिहून घ्या. दोन पैसे वाचवायची ही जागा नव्हे.

ऑर्डर देताना कॅलेंडर बघा. रंगपंचमीला राजवाड्यावर गेर, म्हणजे रंग उधळणारी मोठी मिरवणूक, निघते, त्या दिवशी दवा बाजारातून टेम्पो येईल या भरवशावर राहू नका. दिवाळीचंही तेच. आणि सप्लायरच्या 'बस, निकल गया भिया' याचा अर्थ माल अजून गोदामातच आहे.

फ्रिज २ ते ८ अंशांत हवा. इन्सुलिन, ऑक्सिटोसिन मधल्या कप्प्यात ठेवा. दारात नको, बर्फाच्या कप्प्याला चिकटूनही नको. उन्हाळ्यात सगळ्यांना गरमीची धास्ती असते, पण गोठण्याकडे कुणाचं लक्ष नसतं. गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर चांगलं दिसलं तरी बाद. तापमान सकाळ-संध्याकाळ वहीत उतरवा. वीज गेली की दार उघडायचं नाही. आणि स्टाफचे डबे त्यात अजिबात नकोत. यावरून भांडण होईल, होऊ द्या.

लवकर संपणारी तारीख पुढे, लांबची मागे. ०६/२७ छापलं असेल तर ३० जूनपर्यंत चालतं, उगाच १ तारखेला फेकू नका. शॉर्ट एक्सपायरी, म्हणजे तारीख संपत आलेला, माल सप्लायर परत घेणार का, हे खरेदीच्या वेळीच बिलावर लिहून घ्या.

रात्रीची किल्ली ड्युटीवरच्या सिस्टरकडे, सोबत एक वही: काय नेलं, कुणासाठी, सही. मॉर्फिन, फेंटानिल ही नशा आणणारी वेदनाशामकं या किल्लीत नाहीत. त्यांचं कपाट वेगळं, दुहेरी कुलपाचं.