४० मीटरचा इन्व्हर्टेड व्ही रिगशी जुळवताना

इन्व्हर्टेड व्ही म्हणजे मध्यभागी उंच आणि दोन्ही बाजूंना तिरका खाली उतरणारा तारेचा अँटेना, आणि ४० मीटर म्हणजे हॅम रेडिओचा ७ मेगाहर्ट्झचा बँड. एचएफ रिगला (शॉर्टवेव्हवर बोलायच्या ट्रान्समीटर-रिसीव्हरला) ५० ओहमचा भार लागतो. तो मिळाला नाही आणि एसडब्ल्यूआर (भार किती जुळतो त्याचं माप, १ म्हणजे पूर्ण जुळणी) २ च्या पुढे गेला, की बहुतेक रिग फायनल ट्रान्झिस्टर वाचवायला पॉवर आपणहून उतरवतात. म्हणून सगळे मीटरवर १.१ आणायच्या मागे लागतात. खरं तर १.५ ला जेमतेम ४ टक्के पॉवर परत येते, २ ला ११ टक्के. १.५ च्या खाली आलात की तिथेच थांबा. डमी लोडचा (अँटेनाऐवजी लावायच्या, पॉवर नुसती उष्णतेत जिरवणाऱ्या रेझिस्टरचा) एसडब्ल्यूआर १.० असतो, पण त्यावरचा सीक्यू (‘कुणी आहे का?’ अशी हाक) कुणाला ऐकू जात नाही.

आधी केबल, मग अँटेना. हा क्रम उलटा केला की दोन दोन दिवस तार कापण्यात जातात आणि दोष निघतो कनेक्टरमध्ये.

७ मेगाहर्ट्झवर २० मीटर आरजी-५८ (पातळ कोअॅक्स केबल) साधारण ०.८ डीबी खाते, म्हणजे १०० वॉटमधले ८३ वॉट वर पोचतात. जाड आरजी-२१३ असेल तर ९० च्या पुढे. एवढ्या फरकासाठी जाड केबलचा खर्च ४० मीटरवर करायची गरज नाही. १४५ मेगाहर्ट्झवर मात्र याच आरजी-५८ मधून निम्म्याहून कमी पॉवर वर जाते. तिथे कंजुषी नको.

केबलची परीक्षा नॅनोव्हीएनएने (अँटेना-केबल मोजायच्या छोट्या उपकरणाने) दोन मिनिटांत होते. उपकरण ओपन, शॉर्ट, लोड असं कॅलिब्रेट करा, केबलचं दुसरं टोक मोकळं सोडा आणि ७.१ मेगाहर्ट्झवर रिटर्न लॉस (परत येणारा सिग्नल किती डीबीने कमी झाला तो आकडा) वाचा. तो जाऊन-येऊनचा आकडा असतो. त्याच्या निम्मा म्हणजे केबलचा लॉस. चांगल्या २० मीटर आरजी-५८ ला १.६ डीबीच्या आसपास दिसेल. ६ डीबी दिसला तर केबलमध्ये पाणी शिरलंय. गंमत अशी, की अशा केबलच्या टोकाला काहीही न जोडता मीटर एसडब्ल्यूआर ३ दाखवतो, आणि बऱ्यापैकी बिघडलेला अँटेनाही तिच्या मागून झकास दिसतो. जुन्या केबलवर एसडब्ल्यूआर दरवर्षी ‘सुधारत’ असेल तर खूश होऊ नका.

डमी लोड घरी होतो: १ किलोओहम, २ वॉटचे २० मेटल ऑक्साइड रेझिस्टर समांतर, पाय आखूड ठेवून. ५० ओहम, ४० वॉट. तारेच्या वेटोळ्याचे रेझिस्टर चालत नाहीत, त्यांना इंडक्टन्स असतो. हा लोड केबलच्या टोकाला लावून एसडब्ल्यूआर १.१ च्या वर गेला तर पीएल-२५९ कनेक्टरची सोल्डरिंग परत तपासा. केबलच्या बाहेरच्या जाळीचा सोल्डर नुसता वर बसलेला असतो, आत धरलेला नसतो.

आता तार. आपल्याकडे ४० मीटर बँड ७.० ते ७.२ आहे, म्हणून मध्य ७.१ धरू. एकूण लांबीचं ठोकळ सूत्र १४३ भागिले मेगाहर्ट्झ: १४३ भागिले ७.१ म्हणजे २०.१४ मीटर, प्रत्येक पाय (तारेची एक बाजू) १०.०७. पण इलेक्ट्रिशियन वापरतात ती १.५ चौरस मिमीची पीव्हीसी वायर घेतली, तर प्लास्टिकमुळे रेझोनन्स (तार ज्या फ्रिक्वेन्सीला जुळते ती) आणखी खाली येतो. तरी सुरुवात १०.४ मीटरने करा. तार कमी करता येते, वाढवताना जोड द्यावा लागतो.

गच्चीवर ८-९ मीटरचा पाइप, मध्यावर फीड (केबलची जोडणी), दोन्ही पाय तिरके खाली. मोकळ्या अवकाशात सरळ डायपोलचा (मध्यावर केबल जोडलेल्या दोन पायांच्या तारेचा) इम्पिडन्स (एसी करंटला होणारा रोध) ७३ ओहम असतो. पायांमधला कोन ९० ते १२० अंश ठेवला की तो ५० च्या जवळ येतो. कोन ९० च्या खाली नेऊ नका. टोकं माणसाच्या हाताला लागणार नाहीत इतकी उंच बांधा, कारण व्होल्टेज तिथेच सर्वात जास्त असतं. तार तुटून पडली तरी विजेच्या तारेवर जाणार नाही, अशीच जागा निवडा.

वर चढवून डिप (एसडब्ल्यूआर सर्वात कमी होतो ती फ्रिक्वेन्सी) कुठे येतो ते बघा. समजा ६.८३ वर आला. एकूण लांबी २०.८ गुणिले ६.८३ भागिले ७.१ = २०.०१. म्हणजे ७९ सेंटिमीटर जास्त आहे, दर पायाला ३९-४० सेंटिमीटर. लगेच कापू नका. आधी ३० सेंटिमीटर परत दुमडून तारेवरच घट्ट गुंडाळा आणि पुन्हा मोजा. इन्सुलेटेड तारेत दुमडलेला भाग पूर्ण नाहीसा होत नाही, म्हणून शेवटचे काही सेंटिमीटर प्रत्यक्ष मोजूनच ठरवा. दोन्ही पाय सारखेच कमी करा.

फीडपॉइंटला १:१ करंट बॅलन (केबलच्या जाळीवरून बाहेरून परत येणारा करंट अडवणारा) हवाच. एफटी२४०-४३ फेराइट रिंगवर आरजी-५८ चे १०-१२ वेढे पुरतात. तो नसला की केबलची जाळी अँटेनाचा तिसरा पाय होते: माइकला ओठ लागला की चटका बसतो, कॉम्प्युटर अडखळतो, रिसीव्हरमध्ये घरातल्या चार्जरचा आवाज घुसतो. तपासणी सोपी आहे. कमी पॉवरवर केबल हाताने धरा, जागा बदला. एसडब्ल्यूआर हलला तर वेढे कमी पडताहेत.

रिगमधला बिल्टइन ट्यूनर (भार जुळवून देणारा भाग) साधारण ३ पर्यंतचा एसडब्ल्यूआर सांभाळतो, पण तो रिगला फसवतो, केबलमधला एसडब्ल्यूआर तसाच राहतो. हाच अँटेना तिसऱ्या हार्मोनिकमुळे १५ मीटरवर (२१ मेगाहर्ट्झ, म्हणजे ७ ची तिप्पट) बऱ्यापैकी चालतो. २० मीटर बँडवर (१४ मेगाहर्ट्झ) मध्यभागी हजारो ओहम येतात. बाहेरच्या ट्यूनरने जुळवलंत तरी पॉवर केबल तापवण्यात जाईल.

केबल टीव्हीची आरजी-६ हाताशी असेल तर ४० मीटरवर खुशाल वापरा. ती ७५ ओहमची आहे, पण उंच सरळ डायपोलला उलट जास्त जुळते. अॅल्युमिनियमच्या जाळीला सोल्डर धरत नाही, एवढंच लक्षात ठेवून क्रिम्प कनेक्टर घ्या.

पाऊस लागण्याआधी जोडांवर सेल्फ-अॅमल्गमेटिंग टेप ताणून, खालून वर गुंडाळा, म्हणजे प्रत्येक वेढा वरच्याचं पाणी खाली सोडतो. फीडपॉइंटला केबलचं उघडं तोंड सिलिकॉनने बंद करा; जाळी वातीसारखी पाणी ओढते. खिडकीतून आत येण्याआधी केबलला खाली झोळ द्या. वळवाच्या पावसात गडगडाट सुरू व्हायच्या आधीच केबल रिगपासून काढून घराबाहेर टाका. सप्टेंबरअखेर मोकळ्या टोकाचा रिटर्न लॉस पुन्हा मोजून पहिल्या आकड्याशी ताडून बघा.