रिबनी मोजू नका, वाचा

नागपुरात भरतीची तयारी करणारे पोट्टे माझा वर्दीतला फोटो पाहिला की आधी रिबनी, म्हणजे छातीवरच्या मेडलांच्या रंगीत कापडी खुणा, मोजतात. ‘काका, एवढ्या लढाया?’ अरे बापा, निम्म्या तर नुसत्या नोकरीच्या आहेत.

डाव्या छातीवरची पट्टी समोरून देवनागरीसारखीच वाचायची: वरच्या ओळीपासून, डावीकडून उजवीकडे. सर्वांत मानाची रिबन छातीच्या मध्याकडे असते, म्हणून तीच आधी दिसते. तिथे बिनरेघेची जांभळी असेल तर ते परमवीर चक्र. कामठीला सेंटर असलेल्या आमच्या ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचे लान्स नायक अल्बर्ट एक्का यांना १९७१ मध्ये गंगासागरच्या लढाईसाठी ते मरणोत्तर मिळालं. अर्धी पांढरी अर्धी केशरी ती महावीर चक्राची, अर्धी गडद निळी अर्धी केशरी ती वीर चक्राची. ही तिन्ही शत्रूसमोरच्या शौर्याची.

नवख्यांची गडबड होते ती हिरव्यात, म्हणजे शत्रूसमोरच्या लढाईबाहेरच्या शौर्याच्या पदकांत. गर्द हिरव्यावर एक केशरी रेघ म्हणजे अशोक चक्र, दोन म्हणजे कीर्ती, तीन म्हणजे शौर्य. दंडावरच्या फितीत लान्स नायकाला एक, नायकाला दोन, हवालदाराला तीन. रेघा वाढल्या की हुद्दा वाढतो. इथे नेमकं उलटं, रेघा वाढल्या की पदकाचा मान उतरतो. सोनेरीवरच्या निळ्या रेघांचंही तसंच: एक असली तर परम विशिष्ट सेवा, दोन अति विशिष्ट, तीन नुसती विशिष्ट.

बाकीच्या बऱ्याचशा रिबनी नोकरी कुठे आणि किती केली ते सांगतात. सियाचीनची वेगळी, लाँग सर्व्हिसच्या ९, २० आणि ३० वर्षांच्या वेगळ्या. १५ ऑगस्ट १९९७ ला जो नोकरीत होता त्याला स्वातंत्र्याच्या पन्नाशीचं मेडल मिळालं, मग तो सीमेवर असो की लंगरात स्वयंपाकाला. पण म्हणून अशा रिबनींना हलकं समजू नका. सियाचीनवाल्याला ‘तिथे आंघोळीचं काय करायचात?’ एवढंच विचारा, तासभर हलू देणार नाही.

अग्निवीर होऊन चार वर्षांत बाहेर पडलात तर ९ वर्षांची रिबन मिळणार नाही, हे आत्ताच लक्षात घ्या. शौर्याच्या पदकांना मात्र अग्निवीरही पात्र आहेत. उजव्या छातीवरची पॅराची विंग, म्हणजे पंखांचा बिल्ला, ही पॅराशूट उडीचं ट्रेनिंग पूर्ण केल्याची खूण आहे, तिला मेडल म्हणू नका. आणि रीलसाठी बाजारातून रिबनी आणून फौजी असल्याचं भासवू नका. तो गुन्हा आहे.