खानापूर कुठलं, ते आधी सांगा

बेळगावात येऊन मला बारा वर्षं झाली. मूळचा विट्याकडचा. उद्यमबागेत नोकरी लागली तेव्हा गाडीला एमएच १० ची पाटी होती आणि खिशातल्या फोनला फक्त माझं गाव माहीत होतं. पहिल्याच आठवड्यात साहेबांनी खानापूरला एका गिऱ्हाइकाकडे पाठवलं. मी ‘खानापूर’ टाकलं आणि बाण दाखवेल तसा निघालो. हत्तरगीचा टोल नाका आला, चहाला थांबलो, तर टपरीवाला म्हणाला, “खानापूरला जायचंय म्हणता आणि तोंड कोल्हापूरकडं कसं हो?” फोन मला इमानेइतबारे सांगली जिल्ह्यातल्या आमच्या खानापूरला घेऊन चालला होता. बेळगावचं खानापूर दक्षिणेला, जेमतेम पंचवीस-सव्वीस किलोमीटरवर. गिऱ्हाईक संध्याकाळी भेटलं. काय बोललं ते सोडा.

कोल्हापूर-सांगली-पुण्याकडून इकडे नोकरीला येणारी मंडळी भाड्याचं घर, गॅस, मुलांची शाळा सगळं विचारतात, रस्त्याचं कुणी विचारत नाही. “नकाशा आहे की फोनमध्ये!” आहे, आणि वापराच. ज्या मुलखातली पाटी वाचता येत नाही तिथे त्याच्याशिवाय भागत नाही. पण इथे त्याला वापरायची रीत थोडी वेगळी आहे.

पहिलं म्हणजे नावं. १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावचं सरकारी नाव बेळगावी. त्याच वेळी हुबळीचं हुब्बळ्ळी, विजापूरचं विजयपुर आणि गुलबर्ग्याचं कलबुर्गी झालं. फोनला जुनं-नवं दोन्ही कळतं. गोंधळ आपला होतो, महामार्गावर पाटी समोरून सटकन जाते तेव्हा. शहरात उलटा प्रकार. नकाशात धर्मवीर संभाजी चौक शोधाल, पण विचारायला गेलात तर लोक बोगारवेस म्हणतील.

खरी फसगत खेड्यांच्या नावांत आहे. कंग्राळी दोन आहेत, नकाशात एकीपुढे ‘बीके’ आणि दुसरीपुढे ‘केएच’ लिहिलेलं असतं. बीके म्हणजे बुद्रुक, केएच म्हणजे खुर्द. आमच्याकडे पुण्याहून आलेल्या एका पोराला बीके हे बिल्डरचं नाव वाटलं होतं! सुळगाही दोन, एक हिंडलग्याकडचं, दुसरं येळ्ळूरकडचं. म्हणून गावाचं नाव टाकून निघूच नका. ज्याच्याकडे जायचंय त्याच्याकडून व्हॉट्सॲपवर लोकेशन मागवा आणि वर एक खूण विचारून घ्या. देऊळ, शाळा, दूध डेअरी, काहीही चालेल. शेवटच्या अर्ध्या किलोमीटरला बाण गल्लीच्या तोंडाशी नेऊन सोडतो, तिथून पुढे खूणच कामाला येते.

टिळकवाडीत सगळे पत्ते रेल्वे गेटावरून सांगतात. पहिलं गेट, दुसरं गेट, तिसरं गेट. तिसऱ्यावर आता पूल आहे. बाकी ठिकाणी गेट पडलं की नकाशाची पाच मिनिटं पंधरा होतात, कारण गाडी कधी येणार हे त्याला ठाऊक नसतं, गेटाशेजारच्या पानवाल्याला असतं. गणपत गल्ली, खडेबाजार भागात चारचाकी नेत असाल तर नकाशात चुकून दुचाकीचा पर्याय चालू राहिलेला नाही ना, एवढं बघा. तो तुम्हाला अशा बोळात घालतो की मागे घेताना दोन्ही आरसे मिटावे लागतात. कॅम्पात लष्करी हद्दीतले काही रस्ते नकाशात मोकळे दिसतात, प्रत्यक्षात दांडी आडवी असते. तिथे हुज्जत घालू नका, वळवा.

आता गोव्याचं. इथं आलेला प्रत्येक जण पहिल्या महिन्यात गोव्याला जातोच. वाटा तीन: जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला घाट, खानापूर-लोंढ्यावरून अनमोड, नाहीतर शिनोळीवरून महाराष्ट्रात शिरून आंबोली. कुठलीही घ्या, जंगल आहे आणि मध्ये मध्ये नेटवर्क नाही. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. जीपीएसला नेटवर्क लागत नाही. सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहांचे संदेश फोन नुसते ऐकतो आणि आपण कुठे आहोत ते काढतो. नेटवर्क लागतं ते नकाशाचं चित्र, वाहतुकीची खबर आणि चुकल्यावर नवा रस्ता मिळवायला. म्हणून घाटात निळा ठिपका हलत राहतो आणि भोवती नुसता करडा कागद दिसतो. आदल्या रात्री घरच्या वायफायवर बेळगाव, खानापूर, चंदगड ते पणजी एवढा पट्टा फोनमध्ये उतरवून ठेवा. मग चित्रही राहतं आणि रस्ताही मिळतो, वाहतुकीची लाल रेघ तेवढी दिसत नाही.

आणि नकाशाने जंगलातला ‘जवळचा’ रस्ता दाखवला तर ऐकू नका. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याला निघालेलं एक परराज्यातलं कुटुंब असंच खानापूरच्या भीमगड अभयारण्यात आत आत गेलं. रात्र गाडीत काढली, नेटवर्कसाठी कितीतरी अंतर चालत आले, ११२ लावला, तेव्हा पोलिसांनी बाहेर काढलं. माझा नियम साधा आहे. समोरून दहा मिनिटांत एकही एसटी, टेम्पो किंवा दुधाची गाडी आली नाही तर रस्ता चुकला समजायचं आणि उजेड आहे तोवर परतायचं.

पावसाळ्यात निपाणी-चिकोडीकडे आणखी एक सापळा. दूधगंगा, वेदगंगा आणि कृष्णेवरचे बुटके पूल दरवर्षी पाण्याखाली जातात. कल्लोळ-येडूर, मलिकवाड-दत्तवाड, कारदगा-भोज ही नावं जुलैत रोज पेपरात असतात. नकाशाला मात्र ते पूल म्हणजे आठ-दहा किलोमीटर वाचवणारी सोय वाटते. २०१९ आणि २०२१ च्या पुरात तर यमगर्णीजवळ महामार्गच बंद पडला होता. जोराचा पाऊस असेल तर निघण्याआधी तिकडच्या कुणाला तरी एक फोन करा. हिवाळ्यात तोच रस्ता उसाचा. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर, मागे दिवा नाही, ऊस बाहेर लोंबतोय. पोचायच्या वेळेत अर्धा तास वाढवून धरा आणि अंधार पडल्यावर अशा रस्त्याला शक्यतो जाऊच नका. ‘टोल टाळा’ चालू ठेवलं की नकाशा नेमका याच रस्त्यांवर घालतो. थोड्याशा टोलसाठी जीव टांगणीला कशाला?

फोन हातात धरून गाडी चालवू नका. ऑक्टोबर २०२० पासून केंद्राच्या नियमात रस्ता पाहण्यापुरता फोन वापरायला मुभा आहे, तीही लक्ष विचलित होणार नाही अशा बेताने. डॅशबोर्डला स्टँड लावा, ठिकाण गाडी उभी असताना टाका. एमएचची गाडी कायमची इथे ठेवणार असाल तर बारा महिन्यांच्या आत इकडचा नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ आरटीओचा ना-हरकत दाखला आणि इथला कर, दोन्ही लागतं. आज-उद्या करत बसू नका, मी केलं आणि चकरा मारून थकलो.

काही दिवस नकाशा कितीही हिरवा दाखवो, गाडी काढायची नाही. १ नोव्हेंबरला एकीकडे राज्योत्सवाची, म्हणजे कर्नाटकाच्या स्थापना दिनाची मिरवणूक, दुसरीकडे आपल्या मराठी लोकांचा निषेधाचा काळा दिवस. शहराचा मध्यभाग बंद असतो. डिसेंबरात सुवर्णसौधला, म्हणजे इथल्या विधानभवनात अधिवेशन भरलं की हलग्याकडे मोर्चे आणि बंदोबस्त. वैशाखातल्या शिवजयंतीच्या चित्ररथांच्या रात्री तर गाडी नाहीच, चालत जायचं, बघायलाच जायचं. सीमाप्रश्नावरून वातावरण तापलं की पर-राज्याच्या पाटीच्या गाड्यांना त्रास होतो. डिसेंबर २०२२ मध्ये हिरेबागेवाडीजवळ महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगड पडले होते. अशा दिवशी रिक्षा बरी.

शेवटी थोडं कन्नड. लिपी शिकलात तर उत्तमच. फोनचा कॅमेरा पाटीवर धरला की भाषांतर होतं, पण त्यासाठी थांबावं लागतं. एवढे शब्द तरी पाठ करा. ‘एडक्के’ डावीकडे, ‘बलक्के’ उजवीकडे, ‘मुंदे’ पुढे, ‘सीदा होग्री’ म्हणजे सरळ जा. पाटीवर ‘निधानवागि चलिसि’ असेल तर हळू चालवा. बोलताना शेवटी ‘री’ लावायला विसरू नका, ते आपल्या ‘अहो’सारखं आहे.

नवीन असताना एकदा जांबोटीच्या अलीकडे फाट्यावर बाण गोल गोल फिरायला लागला. बांधावर एक आजोबा म्हशी राखत होते. मी काच खाली केली आणि आठ दिवस घोकलेलं वाक्य टाकलं, “ई दारी यल्लिगे होगतद्री?”

आजोबांनी मला, मग गाडीच्या पाटीला न्याहाळलं. म्हणाले, “हे व्हय? जांबोटीला जातंय की. तुम्ही कुठलं, सांगलीचं काय?”