लिनक्सवर एकाच कॉम्प्युटरवर दोन युजरना आवाज हवाय? या चुका टाळा

पहिल्या युजरचं गाणं चालू आहे, तुम्ही स्विच युजर करून दुसऱ्या अकाउंटमध्ये आलात, व्हिडिओ लावला आणि आवाजच नाही, सेटिंग्जमध्ये बघावं तर स्पीकरच्या जागी नुसतं 'डमी आउटपुट'. इथेच बरेच जण ड्रायव्हर गेला समजून रिइन्स्टॉल करायला बसतात. थांबा, ड्रायव्हरला काही झालेलं नसतं, साउंड कार्ड दुसऱ्या युजरने धरून ठेवलेलं असतं.

पल्सऑडिओ असो की पाइपवायर (अ‍ॅप्सचा आवाज कार्डपर्यंत नेणारे प्रोग्रॅम, म्हणजेच साउंड सर्व्हर), साधारणपणे प्रत्येक युजरचा साउंड सर्व्हर वेगळा चालतो. आणि सिस्टमडीचं लॉगिनडी (युजरची लॉगिन सांभाळणारी सेवा), जो युजर आत्ता स्क्रीनसमोर आहे त्यालाच कार्डची परवानगी देतं, स्विच केलं की एकाची काढून दुसऱ्याला. हे मुद्दाम तसं ठेवलंय, नाहीतर मागे लॉगिन राहिलेला कोणीही तुमचा माइक ऐकू शकला असता.

आता सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे सरसकट सगळ्यांना 'ऑडिओ' ग्रुपमध्ये टाकणं. जुने सल्ले वाचून लोक अजूनही हेच करतात. त्याने होतं असं की परवानगी कधी काढलीच जात नाही, पहिल्याचा सर्व्हर कार्ड सोडत नाही आणि दुसऱ्याला 'डिव्हाइस बिझी'. डोकं फिरवणारा भाग हा की कधीकधी चालतं! कारण 5 सेकंद काही वाजलं नाही की सर्व्हर कार्ड सोडून देतो, म्हणजे पहिल्याने गाणं पॉज केलं असेल तर तुम्हाला आवाज येतो, नसेल तर नाही. अंदाज बांधत बसू नका, सुडो (म्हणजे अ‍ॅडमिनचे अधिकार) लावून फ्यूझर कमांड डॅश-व्ही सकट डेव्ह-एसएनडीमधल्या, म्हणजे साउंड कार्डच्या, फाइल्सवर चालवा, कार्ड कोणी धरलंय त्या युजरचं नावच समोर येतं.

सुडोने पल्सऑडिओ चालू करणं हे तर नकोच. होममधल्या कॉन्फिग फोल्डरातल्या पल्सच्या फाइल्स रूटच्या (अ‍ॅडमिन अकाउंटच्या) नावावर जाऊ शकतात आणि मग तुमचाच सर्व्हर त्या उघडू शकत नाही. झालंच असेल तर चोन (फाइलचा मालक बदलणारी कमांड) करून त्या परत आपल्या नावावर घ्या. पल्सऑडिओचा सिस्टम मोडही (सगळ्या युजरसाठी एकच सर्व्हर) साध्या डेस्कटॉपवर वापरू नका, तो बनवणारेच नको म्हणतात.

मग करायचं काय? कार्ड एका युजरकडे ठेवायचं, बाकीच्यांनी त्याच्या सर्व्हरला सॉकेटवरून (प्रोग्रॅम एकमेकांशी बोलतात ती खास फाइल) जोडायचं. इथेही लोक अडकतात. नेहमीचं सॉकेट रन-युजरखालच्या त्या युजरच्या फोल्डरात असतं आणि त्या फोल्डरची परवानगी 0700, म्हणजे फक्त मालकाला, त्यामुळे सॉकेटवर कितीही चमोड (परवानगी बदलणारी कमांड) मारा, दुसरा आत शिरूच शकत नाही. वेगळ्या फोल्डरात दुसरं सॉकेट उघडा आणि बाकीच्यांच्या पल्स-सर्व्हर व्हेरिएबलमध्ये (कुठल्या सर्व्हरला जोडायचं हे सांगणारी सेटिंग) त्याचा पत्ता द्या. पल्सऑडिओत घाईघाईने 'ऑथ-अनॉनिमस' (ओळख न विचारता जोडू देणं) लावू नका हो, त्याने मशीनवरचा कुठलाही युजर आवाज तर वाजवेलच पण माइकही रेकॉर्ड करू शकेल. त्यापेक्षा 256 बाइटची कुकी फाइल (सर्व्हरची किल्लीच म्हणा) फक्त विश्वासातल्या युजरला कॉपी करून द्या (माइक त्यालाही उघडा होतो हे लक्षात ठेवूनच). टीसीपीचा 4713 पोर्ट उघडायचाच असेल तर 127.0.0.1 वरच (म्हणजे याच मशीनपुरतं) ऐकू द्या, नाहीतर नेटवर्कवरच्या दुसऱ्या मशीनलाही तो दिसतो.

एक गोष्ट हमखास विसरली जाते. कार्डवाला युजर लॉगआउट झाला की त्याचा सर्व्हर बंद, सगळ्यांचाच आवाज गेला. लॉगिनसीटीएल कमांडने लिंगर (लॉगआउटनंतरही युजरचे प्रोग्रॅम चालू ठेवणं) चालू केलंत तर सर्व्हर जिवंत राहतो, पण तो युजर स्क्रीनसमोर नसल्यामुळे कार्डची परवानगी जाते, म्हणून त्या एकट्याला, फक्त त्यालाच, ऑडिओ ग्रुपमध्ये ठेवा.

सगळं झालं की दुसऱ्या युजरमधून पॅक्टल इन्फो (साउंड सर्व्हरची माहिती दाखवणारी कमांड) चालवा. 'सर्व्हर स्ट्रिंग'समोर तुम्ही दिलेला सॉकेटचा पत्ता दिसला पाहिजे, आणि 'डिफॉल्ट सिंक'समोर (आवाज जिथे जातो ते आउटपुट) अजून 'ऑटो-नल', म्हणजे तेच डमी आउटपुट, असेल तर तुम्ही अजून आपल्याच रिकाम्या सर्व्हरला जोडलेले आहात किंवा त्या मालक युजरकडेच कार्ड नाहीये.