शेअर केलेली स्प्रेडशीट ब्राउझरमध्ये उघडत नाही तेव्हा

सहकाऱ्याने पाठवलेली लिंक उघडावी आणि तक्त्याऐवजी कोरा पडदा, फिरत राहणारे वर्तुळ किंवा परवानगी नाकारल्याची सूचना समोर यावी, हा अनुभव आता बहुतेकांना आला आहे. अशा वेळी पान पुन्हा पुन्हा ताजे करणे, ब्राउझर बदलणे, संगणक बंद करून सुरू करणे असे उपाय एकामागून एक केले जातात आणि फाइल उघडली तरी ती कशामुळे उघडली हे कळत नाही. त्यामुळे पुढच्या खेपेला तीच धावपळ पुन्हा करावी लागते. म्हणून एका वेळी एकच बदल करावा, त्याचा परिणाम पाहावा आणि मगच पुढे जावे. अडचण लिंकमध्ये आहे, खात्यात आहे, ब्राउझरमध्ये आहे की खुद्द फाइलमध्ये आहे, हे आधी ठरवता आले तर निम्म्याहून अधिक काम झालेले असते.

पडद्यावर आलेली सूचना शेवटपर्यंत वाचणे ही पहिली पायरी आहे, आणि नेमकी हीच पायरी घाईत गाळली जाते. ‘आपल्याला परवानगी हवी’ अशा अर्थाची सूचना आली तर फाइल जागेवर आहे, सर्व्हर चालू आहे आणि ब्राउझरही आपले काम करत आहे. फक्त आपण ज्या खात्याने आत आलो आहोत त्या खात्याला प्रवेश नाही, एवढाच तिचा अर्थ असतो. ‘मागितलेली फाइल अस्तित्वात नाही’ असे आले तर लिंक अर्धवट आली आहे किंवा फाइल हटवली गेली आहे. कोणतीही सूचना न येता पान नुसतेच कोरे राहिले किंवा वर्तुळ फिरत राहिले, तरच ब्राउझर, नेटवर्क किंवा फाइलचा आकार यांच्याकडे वळावे. परवानगीची सूचना समोर असताना ब्राउझरची साठवण पुसत बसण्याने काहीही साधत नाही.

खाते कोणते, हे आधी पाहा

माझ्या अनुभवात सर्वाधिक वेळा आढळणारे कारण म्हणजे चुकीचे खाते. एकाच ब्राउझरमध्ये घरचे आणि कामाचे अशी दोन खाती उघडी असतात; फाइल कामाच्या पत्त्यावर शेअर केलेली असते आणि लिंक मात्र घरच्या खात्यात उघडते. गुगल शीट्सच्या पानावर वरच्या उजव्या कोपऱ्यात खात्याचे गोल चित्र असते. त्यावर क्लिक करून ईमेल पत्ता पूर्ण वाचावा आणि तो ज्या पत्त्यावर निमंत्रण आले त्याच्याशी अक्षर न् अक्षर जुळवून पाहावा. पत्ता वेगळा असेल तर तेथूनच योग्य खाते निवडावे.

गुगलच्या लिंकमध्ये काही वेळा रोमन ‘यू’ हे अक्षर, तिरकी रेघ आणि त्यापुढे 0, 1 किंवा 2 असा आकडा दिसतो. हा आकडा ब्राउझरमध्ये उघडलेल्या खात्यांचा क्रम दाखवतो. 0 म्हणजे सर्वांत आधी उघडलेले खाते. पाठवणाऱ्याने आपल्या पत्त्याच्या पट्टीतून लिंक उचलली असेल तर त्याचा हा आकडा आपल्याकडे येतो आणि आपल्या संगणकावर तो भलत्याच खात्याकडे बोट दाखवतो. लिंकमधून हा ‘यू’ आणि आकडा काढून टाकला किंवा आकडा बदलून पाहिला तर पुष्कळदा फाइल तत्काळ उघडते. याहून चांगले म्हणजे पाठवणाऱ्याने पत्त्याची पट्टी नव्हे, तर ‘शेअर’ बटणाखालील ‘कॉपी लिंक’ वापरावे. ज्यांना रोजच दोन खाती वापरावी लागतात त्यांनी ब्राउझरमध्ये प्रत्येक खात्यासाठी स्वतंत्र प्रोफाइल तयार करावे. हा गोंधळ मुळापासून मिटवणारा उपाय मला तरी हाच वाटतो.

मोबाइलवर याच अडचणीचे आणखी एक रूप दिसते. संदेशाच्या ॲपमध्ये आलेल्या लिंकवर बोट ठेवले की ती काही वेळा त्या ॲपच्या पोटातल्या छोट्या ब्राउझरमध्ये उघडते, आणि तेथे आपण कोणत्याच खात्याने आत आलेलो नसतो. तीन ठिपक्यांच्या मेनूतून ती नेहमीच्या ब्राउझरमध्ये उघडावी.

परवानगी आणि लिंक

खाते बरोबर असूनही प्रवेश मिळत नसेल तर फाइलच्या मालकाने शेअरिंगची मांडणी तपासली पाहिजे. गुगल शीट्समध्ये ‘रिस्ट्रिक्टेड’ म्हणजे ज्यांचे पत्ते जोडले आहेत त्यांनाच प्रवेश, आणि ‘एनीवन विथ द लिंक’ म्हणजे लिंक हाती असलेल्या कोणालाही प्रवेश. संस्थेच्या खात्यात यांच्यामध्ये तिसरा पर्याय असतो, ज्यात फक्त त्या संस्थेतील खात्यांनाच फाइल दिसते. बाहेरच्या व्यक्तीला लिंक पाठवली आणि ती उघडली नाही, तर हा पर्याय आधी पाहावा. काही संस्थांचे प्रशासक बाहेर शेअर करणे पूर्णपणे बंद ठेवतात, आणि तेव्हा मालकाने पत्ता जोडायचा प्रयत्न केला तरी तो निष्फळ ठरतो. वनड्राइव्ह या मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीवरील एक्सेल फाइलच्या लिंकला मुदत घालता येते आणि ती ठरावीक व्यक्तींपुरतीही ठेवता येते. काल उघडलेली लिंक आज उघडत नसेल तर मुदत संपली असण्याची शक्यता मोठी.

येथे एक गोष्ट मला आग्रहाने सांगावीशी वाटते. परवानगीची अडचण आली की ‘सगळ्यांसाठी खुली करून टाका’ असा सल्ला दिला जातो. तो काम करतो हे खरे; पण त्या तक्त्यात इतर माणसांची नावे, फोन क्रमांक, गुण, पगार किंवा आजारपणाच्या नोंदी असतील तर ती लिंक पुढे कुठे कुठे जाईल यावर कोणाचाही ताबा राहत नाही. संबंधित व्यक्तीचा पत्ता जोडायला एक मिनिट लागते, आणि ते एक मिनिट द्यावे. फाइल खरोखर कोणाला दिसते हे पाहायचे असेल तर मालकाने तीच लिंक ब्राउझरच्या खासगी (इनकॉग्निटो) विंडोमध्ये, कोणत्याही खात्यात न शिरता, उघडून पाहावी. तेथे ती उघडली तर ती जगासाठी खुली आहे.

फाइल दिसते पण त्यात लिहिता येत नाही, ही तक्रारही याच वर्गातली. आपल्याला केवळ पाहण्याची किंवा टिप्पणी करण्याची मुभा असेल तर मेनूतील बरीच बटणे फिकट दिसतात. संपादनाची मुभा असूनही काही सेल, म्हणजे तक्त्यातील चौकोन, बदलत नसतील तर मालकाने ते संरक्षित केलेले असतात. गुगल शीट्समध्ये एका वेळी 100 पर्यंत जण फाइलवर काम करू शकतात; गर्दी त्यापुढे गेली की मालक आणि काही मोजके संपादक वगळता बाकीच्यांना फक्त वाचता येते. मोठ्या गटाला एकाच वेळी माहिती भरायला सांगण्याऐवजी फॉर्म पाठवावा, तो याच कारणासाठी.

‘फाइल अस्तित्वात नाही’ अशी सूचना आली तर लिंक नीट निरखावी. गुगल शीट्सच्या लिंकमध्ये फाइलची ओळख असलेली अक्षरे-आकड्यांची लांब माळ असते, बहुधा 44 अक्षरांची, आणि तिच्यात रोमन लिपीतील लहान आणि मोठी अक्षरे वेगळी धरली जातात. ईमेलमध्ये ओळ तुटल्यामुळे किंवा कागदावरून उतरवताना एखादे अक्षर गळल्यामुळे ही माळ अपुरी राहते. लिंक पूर्ण असेल, तर फाइल हटवली गेली का हे मालकाला विचारावे, आणि विचारायला उशीर करू नये. गुगल ड्राइव्हच्या कचरापेटीतील फाइल 30 दिवसांनंतर आपोआप कायमची जाते.

ब्राउझरची तपासणी

परवानगी आणि लिंक ठीक असताना पान कोरे राहते तेव्हा खासगी विंडो उघडून तेथे योग्य खात्याने प्रवेश करावा. क्रोम आणि एजमध्ये त्यासाठी कंट्रोल, शिफ्ट आणि एन या कळा एकत्र दाबाव्यात, फायरफॉक्समध्ये एनच्या जागी पी. खासगी विंडोमध्ये जुन्या कुकी (संकेतस्थळाने ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या नोंदी) आणि साठवलेली पाने वापरली जात नाहीत आणि क्रोममध्ये एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडलेली छोटी पूरक साधने, हीही सहसा बंद असतात. तेथे फाइल उघडली, तर दोष या तिघांपैकी एकात आहे एवढे निश्चित होते. मग नेहमीच्या विंडोत येऊन एक्स्टेन्शन एकेक करून बंद करावीत. जाहिराती अडवणारी आणि पानाचे रंग बदलणारी एक्स्टेन्शन आधी तपासावीत.

एक्स्टेन्शन निर्दोष ठरली तर त्या एकाच संकेतस्थळाच्या कुकी आणि साठवलेली माहिती पुसावी. ब्राउझरची सगळी साठवण पुसण्याची गरज नसते, आणि तसे केल्यास इतर सर्व ठिकाणचे लॉगिनही जातात. मात्र पुसण्यापूर्वी एक खात्री अवश्य करून घ्यावी: इंटरनेट नसताना आपण त्या फाइलमध्ये काही बदल केले होते का? ऑफलाइन केलेले बदल सर्व्हरवर पोहोचेपर्यंत ब्राउझरच्या याच साठवणीत असतात, आणि ती पुसली की ते बदलही परत मिळत नाहीत. दुसऱ्यांनी भरलेली माहिती सर्व्हरवर सुरक्षित असते; गमावण्याचा धोका असतो तो आपल्याच मेहनतीला.

ब्राउझर अद्ययावत असणेही आवश्यक आहे. गुगल शीट्ससाठी जावास्क्रिप्ट आणि कुकी चालू असाव्या लागतात. दुसऱ्या एखाद्या संकेतस्थळाच्या पानात बसवलेला तक्ता दिसत नसेल, तर ब्राउझरने त्रयस्थ कुकी, म्हणजे उघडलेल्या पानाखेरीज दुसऱ्या संकेतस्थळाच्या कुकी, अडवल्या आहेत का ते पाहावे, किंवा तोच तक्ता त्याच्या मूळ लिंकने स्वतंत्र टॅबमध्ये उघडावा. प्रमाणपत्राविषयी (संकेतस्थळाची ओळख पटवणाऱ्या डिजिटल दाखल्याविषयी) इशारा येत असेल तर संगणकाची तारीख आणि वेळ तपासावी. घड्याळ चुकलेले असेल तर ब्राउझर चांगल्या संकेतस्थळाचे प्रमाणपत्रही नाकारतो. कार्यालयात फाइल उघडत नाही पण मोबाइलच्या हॉटस्पॉटवर उघडते असे दिसले, तर अडथळा कार्यालयाच्या नेटवर्कमध्ये आहे आणि तो दूर करणे तेथील प्रशासकाच्याच हातात असते. कोणाचीच फाइल उघडत नसेल तर आपल्याकडे काही न बदलता सेवेचे स्थितिदर्शक पान पाहावे आणि थांबावे.

फाइलच जड असेल तर

इतर फाइल सहज उघडतात आणि एकच अडते, तेव्हा त्या फाइलकडे पाहावे. गुगल शीट्समधील मर्यादा 2022 मध्ये 50 लाख सेलवरून 1 कोटी सेलवर नेण्यात आली, पण तेवढी मोठी फाइल साध्या संगणकावर सुखाने चालेल असे मानू नये. शिवाय या मोजणीत रिकामे सेलही धरले जातात. नवी शीट 1,000 ओळी आणि 26 रकान्यांची, म्हणजे 26,000 सेलची असते. कोणी तिच्या ओळी 1 लाखावर नेल्या तर एक अक्षरही न लिहिता 26 लाख सेल खर्ची पडतात. खालच्या रिकाम्या ओळी आणि उजवीकडचे रिकामे रकाने हटवणे हा म्हणूनच पहिला उपाय. एक्सेलमध्ये कंट्रोल आणि एंड या कळा दाबल्यावर कर्सर भरलेल्या माहितीच्या पुष्कळ खाली जाऊन थांबला, तर तेथपर्यंत निरुपयोगी रचना साचलेली आहे असे समजावे.

सूत्रांचा भारही मोठा असतो. आजची तारीख किंवा यादृच्छिक संख्या देणारी, तसेच ‘इनडायरेक्ट’ आणि ‘ऑफसेट’ ही सूत्रे वारंवार नव्याने मोजली जातात, आणि ती हजारो ओळींत भरली की पान गोठल्यासारखे होते. जुन्या महिन्यांच्या ओळींमधील सूत्रे कॉपी करून केवळ मूल्ये म्हणून चिकटवली तर फरक लगेच जाणवतो. हे काम नेहमी फाइलच्या प्रतीवर करावे आणि आकडे जुळल्यावरच मूळ फाइलला हात लावावा.

जड फाइल उघडतच नसेल आणि माहिती तातडीने हवी असेल, तर लिंकमधील रोमन ‘एडिट’ हा शब्द आणि त्यापुढचा सगळा भाग पुसून तेथे ‘एचटीएमएलव्ह्यू’ हा शब्द रोमन लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता, लिहावा. त्यामुळे संपादनाची साधने नसलेले हलके पान उघडते आणि वाचण्यापुरते काम होते.

एक्सेलची फाइल ब्राउझरमध्ये उघडताना तिचा प्रकारही पाहावा. जुन्या एक्सएलएस प्रकारात 65,536 ओळी मावत. 2007 पासूनच्या एक्सएलएसएक्स प्रकारात 10,48,576 मावतात. जुनी फाइल संगणकावरील एक्सेलमध्ये उघडून नव्या प्रकारात जतन केली की ब्राउझरमधील बऱ्याच कुरबुरी थांबतात. पासवर्ड घातलेली फाइल ब्राउझर नाकारत असेल तर तीही संगणकावरच उघडावी. एक्सेलच्या व्हीबीए या भाषेत लिहिलेले मॅक्रो, म्हणजे कामे आपोआप करणाऱ्या छोट्या आज्ञावली, ना ब्राउझरमधील एक्सेलमध्ये चालतात ना गुगल शीट्समध्ये. बटण दाबून काही घडत नाही याचा अर्थ फाइल बिघडली असा नसतो.

फाइल उघडते पण मराठी मजकुराच्या जागी भलतीच चिन्हे दिसतात, अशी तक्रार सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी विभागलेल्या साध्या मजकुराच्या, फाइलबाबत नेहमी येते. ती एक्सेलमधून जतन करताना ‘सीएसव्ही यूटीएफ-8’ हा प्रकार निवडावा. मजकूर युनिकोड (सर्व लिप्यांसाठीची समान संकेतपद्धती) नसलेल्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला असेल तर मात्र एवढ्याने भागत नाही. ज्या संगणकावर तो फाँट नाही तेथे रोमन अक्षरांची गिचमिडच दिसते, आणि तो मजकूर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो.

एवढे करूनही फाइल उघडली नाही तर मालकाला किंवा तांत्रिक मदत करणाऱ्याला ‘उघडत नाही’ एवढेच कळवू नये. सूचनेचे शब्द जसेच्या तसे, आपण वापरलेला ईमेल पत्ता, ब्राउझरचे नाव आणि आवृत्ती, खासगी विंडोत आणि दुसऱ्या नेटवर्कवर काय झाले, आणि शेवटची कधी उघडली होती, हे लिहावे. स्क्रीनशॉट जोडायचा असेल तर त्यातील इतरांची माहिती आधी झाकावी.