वाजवायचा महागडा कीबोर्ड घेताना या चुका टाळा

किंमत वाढली म्हणजे आवाज सुधारला, ही पहिली गैरसमजूत. ऑक्टोबर 2020 मध्ये जपानमधल्या एकेएम या चिप कंपनीच्या कारखान्याला आग लागली आणि ऑडिओ कन्व्हर्टर चिप्सचा (डिजिटल आकड्यांचा आवाज करणाऱ्या) तुटवडा पडला. असे धक्के किमतीत उतरतात, आवाजात नाही.

शिवाय आवाज तयार करणारं तेच इंजिन बरेचदा त्याच कंपनीच्या स्वस्त मालिकेतही असतं. रोलँडची महाग फँटम (2019) आणि स्वस्त फँटम-0 (2022), दोन्हींत झेन-कोअर हेच इंजिन आहे. आफ्टरटच (दाबलेली की आणखी दाबून स्वर बदलण्याची सोय) आणि ॲनालॉग फिल्टर (सर्किटमधून आवाज गाळणारा) मात्र फक्त महाग मालिकेत मिळतात. वाजवताना की दाबून धरून स्वर हलवायची सवय नसेल, तर आफ्टरटचसाठी पैसे मोजू नका. हाताला जाणवतो तो कीजचा दर्जा. त्यासाठी जरूर मोजा.

पॉलिफोनीचा, म्हणजे एकाच वेळी किती व्हॉइस (आवाजाचे धागे) वाजू शकतात त्याचा, आकडाही फसवा असतो. अनेक वाद्यांत स्टिरिओ पियानोचा एक स्वर 2 व्हॉइस खातो. त्यावर स्टिरिओ स्ट्रिंग्जचा थर दिला की 4. म्हणजे 128 चे उरले 32 स्वर, आणि स्वर लांबवणारं सस्टेन पेडल धरून ठेवलं की तेही भराभर संपतात. तुमचे नेहमीचे थर लावूनच तपासा.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे किरकोळ बिघाडापायी जुना कीबोर्ड काढून टाकणं. एखादी की हळू दाबली तरी स्वर जोरात येतो? बहुतेक कीबोर्डांत प्रत्येक कीखाली रबराच्या पट्टीवर दोन कार्बन संपर्क असतात आणि दोन्ही लागण्यातल्या वेळेवरून जोर मोजला जातो. धुळीमुळे पहिला उशिरा लागला की वेळ कमी भरतो आणि स्वर दणकन वाजतो. प्लग काढून, पट्टी उचलून, सर्किट बोर्डावरचे संपर्क 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलके पुसा आणि पूर्ण वाळू द्या. कार्बन घासू नका, तो निघतो. तरीही तसंच झालं तर पट्टी बदलावी लागेल. सेकंडहँड घेताना प्रत्येक की आधी अगदी हळू, मग जोरात वाजवून पाहा.

बजेटमध्ये स्टँड, पेडल आणि केस धरा. यामाहाच्या जेनोस या महागड्या कीबोर्डच्या बॉडीत स्पीकर नाहीत, हेही अनेकांच्या उशिरा लक्षात येतं.

आणि पेडल सोडल्यावर स्वर लांबत असतील, दाबल्यावर तुटत असतील, तर दुरुस्तीला धावू नका. अनेक कीबोर्ड सुरू होतानाच पेडलची दिशा ओळखतात. तेव्हा पाय पेडलवर असला की उलटं होतं. बंद करा, पाय काढा, पुन्हा सुरू करा.